शुल्क न घेणाऱ्या कॉलेजची उरलेली गोष्ट

अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचं छोटं गाव आहे. त्या गावात बेरिया कॉलेज. खाजगी संस्था, जेमतेम दीड हजार विद्यार्थी. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञान, संगीत सगळं एका छताखाली शिकवणारं, ज्याला आता आपणही लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणायला लागलोय तसं. १८९२ पासून या कॉलेजने एकाही विद्यार्थ्याकडून शिकवणीचं शुल्क घेतलेलं नाही. प्रवेशच मुळात गरजू घरांतल्या मुलांना.

एवढी माहिती आपल्याकडे अधूनमधून फिरत असते आणि खाली लोक हळहळत असतात, की आपल्याकडे असं कधी होणार. मी इतिहास शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं घालवली. हे कॉलेज मला मनापासून आवडतं, म्हणूनच त्याची अर्धीच गोष्ट सांगितलेली मला चालत नाही. शुल्क न घेणं ही बेरियाची मूळ ओळख नव्हे. मूळ ओळख निराळी होती, काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका वर्गात शिकवण्याची. ती या संस्थेच्या हातून सुटली आणि परत यायला ४६ वर्षं गेली. शिक्षण मोफत असतानाच ती सुटली, आणि आपण नेमकं हेच समजून घ्यायला हवं.

संस्थापक जॉन ग्रेग फी. जन्म १८१६, केंटकीचाच. वडिलांकडे गुलाम होते. सिनसिनाटीला धर्मशिक्षण घेताना त्यांची खात्री पटली की माणसाने माणसाची मालकी सांगणं पाप आहे, आणि हळूहळू नव्हे, आत्ताच्या आत्ता ते थांबलं पाहिजे. घरी येऊन हे सांगितल्यावर वडिलांनी त्यांना वारशातून बेदखल केलं.

त्या घरात ज्युलेट माइल्स नावाची एक गुलाम स्त्री होती. जॉन फींनी वडिलांकडून तिला विकत घेतलं आणि मुक्त केलं. ती स्वतंत्र झाली, तिची मुलं मात्र म्हाताऱ्याच्या मालकीचीच राहिली. पुढे ती ओहायो नदीपलीकडे, जिथे गुलामगिरी नव्हती तिथे राहायला गेली. १८५८ मध्ये, मुलं विकली जाणार असं कळल्यावर ती परत आली. मुलाबाळांना घेऊन रात्रीत नदी गाठली आणि काठावर पकडली गेली. तिला फ्रँकफर्टच्या तुरुंगात टाकलं, तिथेच ती मेली. बेरियाचा इतिहास सांगताना मी तिच्यापासून सुरुवात करतो, कारण कॉलेज काढणाऱ्या माणसाला गुलामगिरी पुस्तकातून कळलेली नव्हती. स्वतःच्या बापाच्या अंगणात कळली होती.

मॅडिसन काउंटीत कॅशियस क्ले नावाचे मोठे जमीनदार आणि राजकारणी होते. मुहम्मद अलीचं जन्मनाव ज्यांच्यावरून घराण्यात आलं तेच. ते गुलामगिरीच्या विरोधात होते, त्यांनी जॉन फींना बोलावून घेतलं आणि दहा एकर जागा दिली. तिथे १८५५ मध्ये एका खोलीची शाळा उभी राहिली. आठवडाभर शाळा, रविवारी प्रार्थना. बायबलमध्ये बेरिया नावाचं एक शहर येतं, तिथले लोक नवा विचार मोकळ्या मनाने ऐकून घेत असत, म्हणून ते नाव. क्ले आणि फी यांचं पुढे पटलं नाही. क्ले यांना मुक्ती हवी होती पण कायद्याच्या चौकटीत, टप्प्याटप्प्याने. पळून आलेल्या गुलामाला पकडून परत द्या म्हणणारा कायदा पाळायचाच नाही, असं जॉन फी उघड सभेत बोलले. दोस्ती तिथे संपली. म्हणजे जमीनही दिलेली, संरक्षणही देणारा, असा गावातला एकमेव वजनदार माणूस त्यांनी तत्त्वासाठी गमावला.

१८५९ मध्ये कॉलेजची घटना लिहिली गेली. तिच्यात लिहिलंय की ही संस्था पंथाभिमान, गुलामगिरी, जातिभेद आणि अशा प्रत्येक अन्याय्य प्रथेच्या विरोधात राहील. वर्ष नीट बघा. यादवी युद्धाच्या दोन वर्षं आधी, गुलाम बाळगणाऱ्या राज्यात, गुलाम बाळगणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधोमध बसून हे लिहिलंय.

व्हायचं ते झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, गुलामगिरी मोडायला हत्यार उचललेल्या जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि सगळा दक्षिण भाग बिथरला. जॉन फी तेव्हा निधी गोळा करायला उत्तरेत गेले होते. ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये ते म्हणाले, आपल्याला आणखी जॉन ब्राऊन हवेत, त्याच्या हत्यारासाठी नव्हे तर त्याच्या निष्ठेसाठी. केंटकीत वर्तमानपत्रं पोचली तोवर वाक्याचा दुसरा भाग गळून पडला होता. २३ डिसेंबरला साठेक हत्यारबंद घोडेस्वार बेरियात आले. घरोघरी जाऊन सांगितलं, दहा दिवसांत गाव सोडा. गव्हर्नरकडे दाद मागितली, त्यांनी संरक्षण द्यायला नकार दिला. नाताळच्या त्या कडाक्याच्या थंडीत शिक्षक, त्यांची बायकामुलं गाड्या भरून सिनसिनाटीच्या वाटेला लागली.

पुढची वर्षं युद्धाची. केंटकीत कॅम्प नेल्सन नावाची छावणी होती, तिथे हजारो कृष्णवर्णीय पुरुष सैन्यात भरती झाले, कारण भरती झालं की गुलामी संपत होती. बायकापोरं मात्र कायद्याने अजून गुलामच. नोव्हेंबर १८६४ मध्ये लष्कराने त्यांना छावणीबाहेर हाकलून दिलं, झोपड्या पाडल्या. शंभराहून जास्त जीव थंडीने आणि आजाराने गेले. जॉन फी त्याच छावणीत शिकवत होते, उपदेश करत होते, निर्वासितांसाठी निवारे उभे करायला झटत होते. तिथे त्यांना अँगस बर्ले नावाचा एक तरुण सार्जंट भेटला. सैन्यात येईपर्यंत गुलाम. सैन्यातून सुटल्यावर काय करणार, असं त्याला विचारलं. शिकायचंय म्हणाला. मग बेरियाला ये. तो आला, आणि १८७५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला.

१८६६ मध्ये शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्यांदा कृष्णवर्णीय मुली वर्गात येऊन बसल्या तेव्हा काही गोरी मुलं उठून निघून गेली. शिकवणाऱ्यांनी वर्ग चालू ठेवला. त्या वर्षीच्या पटावर १८७ विद्यार्थी होते, त्यांत ९६ कृष्णवर्णीय, ९१ गोरे. कालपर्यंतचे मालक आणि कालपर्यंतचे गुलाम, यांची पोरं एका बाकावर. मुलगे आणि मुली दोन्ही. पुढची वीस-पंचवीस वर्षं हे असंच चाललं, पटावर दोन्ही बाजू साधारण निम्म्या-निम्म्या.

इथे आपला धागा जुळतो. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. पुण्यात बसून ज्यांना त्यांनी नमस्कार केला, ते जॉन फींसारखेच लोक. त्या वर्षी बेरियात नेमका तो वर्ग भरत होता जो जोतीरावांना आपल्याकडे हवा होता. अर्पणपत्रिका आपण अभिमानाने सांगतो. ती ज्यांना वाहिली त्यांच्या शाळांचं पुढे काय झालं, हे विचारायचं राहून जातं.

पुढे काय झालं ते सांगतो.

१८९२ मध्ये विल्यम गुडेल फ्रॉस्ट अध्यक्ष झाले. शुल्क बंद झालं ते याच वर्षी. फ्रॉस्ट कर्तबगार होते, यात वाद नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कॉलेज चालवलं, वाढवलं. पैसा उत्तरेतल्या श्रीमंत देणगीदारांकडून यायचा आणि युद्धाला तीस वर्षं होत आल्यावर त्यांचा मुक्त गुलामांच्या शिक्षणातला रस आटत चालला होता. फ्रॉस्ट यांना एक नवा विषय सापडला. अ‍ॅपलेशियन डोंगरांतले गरीब गोरे. हे लोक खरोखरच गरीब होते, शाळा नव्हत्या, रस्ते नव्हते. त्यांच्यासाठी मदत मागितली की पैसे येत. मग प्रचार त्यांचा, भरती त्यांची, वसतिगृहं त्यांची. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना कुणी हाकललं नाही, फक्त त्यांच्यासाठी कुणी फिरेनासं झालं. दहा-बारा वर्षांत निम्म्यावरून ते पाच-सहांत एक इतके उरले. माजी विद्यार्थ्यांनी तक्रारी केल्या. म्हातारे जॉन फी हयात होते, त्यांनीही विरोध केला. १९०१ मध्ये ते गेले.

मला हे पान सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण इथे खलनायक नाही. गरिबांसाठी काम करणारा, शुल्क न घेणारा, मेहनती अध्यक्ष आहे, आणि तरी संस्थेचा पाया त्याच्या हाताखालीच सरकतोय. एका गरिबाला आत घेताना दुसरा गरीब बाहेर पडला, हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही. मोफत शिक्षण आणि बरोबरीचं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही, हे मी वर्गात अनेक वर्षं सांगत आलो. बेरियाइतकं त्याचं स्वच्छ उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही.

मग १९०४ चा कायदा आला. ब्रेथिट काउंटीचे आमदार कार्ल डे यांनी मांडला म्हणून डे लॉ. काळे आणि गोरे एका संस्थेत शिकवले तर संस्थेला हजार डॉलर दंड, शिकवणाऱ्याला दंड, शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही पन्नास डॉलर दंड. अशी एकत्र शिकवणारी संस्था केंटकीत तेव्हा बेरियाच. म्हणजे सबंध राज्याचा कायदा या एका छोट्या कॉलेजसाठी केलेला. कॉलेजला दंड झाला, ते कोर्टात गेलं, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत.

नोव्हेंबर १९०८ मध्ये निकाल विरोधात लागला. माणसांना एकत्र बसायचा हक्क आहे की नाही, या प्रश्नाला कोर्टाने हातच लावला नाही. म्हणाले, संस्था राज्याने नोंदवलेली आहे, तिचे नियम राज्य बदलू शकतं. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी असहमतीचा निकाल लिहिला. हार्लन स्वतः केंटकीचे, गुलाम बाळगणाऱ्या घरातले. १८९६ मध्ये रेल्वेच्या वेगळ्या डब्यांच्या खटल्यातही एकटे तेच विरोधात गेले होते. त्यांनी विचारलं, स्वखुशीने, निरुपद्रवी कामासाठी एकत्र येणाऱ्या नागरिकांमध्ये केवळ वंशावरून भेद करावा, इतका पूर्वग्रह आपल्या अंगात मुरलाय का?

कायदा बाहेरून लादलेला होता, हे खरं. पण कायद्याने एवढंच सांगितलं होतं की एकत्र नको. कुणाला ठेवायचं, हे विश्वस्तांनी ठरवलं. बेरियाचा परिसर, इमारती, नाव गोऱ्या विद्यार्थ्यांकडे राहिलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पैसे देऊन फिस्क आणि इतर कॉलेजांत पाठवलं. त्यांच्यासाठी सिम्प्सनव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट नावाची संस्था निधी जमवून उभी केली, ती १९१२ मध्ये सुरू झाली. चांगली संस्था होती. व्हिटनी यंग, जे पुढे नागरी हक्क चळवळीतले मोठे नेते झाले, त्यांचे वडील तिथे मुख्याध्यापक होते. पण ती हायस्कूल आणि हातकाम शिकवणारी शाळा होती. ज्यांच्या आईबापांनी बेरियात लॅटिन आणि गणित शिकलं, त्यांच्या मुलांना आता वेगळ्या ठिकाणी वेगळं शिक्षण. शेवटच्या काही कृष्णवर्णीय पदवीधरांपैकी एक होते कार्टर वुडसन, १९०३ चे. फेब्रुवारी महिना अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा म्हणून पाळला जातो, त्याची सुरुवात १९२६ मध्ये त्यांनी केली, तेव्हा तो आठवडा होता. आपल्या लोकांचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवला पाहिजे, हे ज्याला आयुष्यभर वाटत राहिलं, त्याच्या स्वतःच्या कॉलेजचं दार त्याच्या पाठीमागे बंद झालं होतं.

आता पैशाचं आणि कामाचं. कारण "त्यांच्याकडे पैसा आहे हो" हे उत्तर ठरलेलं असतं.

पैसा आभाळातून पडला नाही. १९२० मध्ये विश्वस्तांनी ठराव केला, की मृत्युपत्राद्वारे येणारी देणगी विशिष्ट कामासाठी म्हणून नसेल तर ती खर्च करायची नाही, कायम निधीत टाकायची. मागच्या शंभर वर्षांत किती वेळा तंगी आली असेल, महामंदी आली, महायुद्ध आलं. ठराव पाळला गेला. आज तो निधी एक अब्ज डॉलरच्या वर आहे आणि वर्षाच्या खर्चातला तीन चतुर्थांशाच्या आसपासचा वाटा त्यातून निघतो. २०१७ मध्ये अमेरिकन सरकारने मोठे निधी असलेल्या खाजगी विद्यापीठांवर कर बसवला तेव्हा बेरियाही त्यात सापडलं. मग पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली, की शुल्क भरणारे किमान पाचशे विद्यार्थी असतील तरच कर. तसे विद्यार्थीच नाहीत, म्हणून बेरिया सुटलं.

आणि काम. बेरियात प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास काम करतो. गावातलं बून टॅव्हर्न हे हॉटेल कॉलेजचं, १९०९ पासूनचं, तिथे विद्यार्थी काम करतात. शेती आहे, हातमाग आहेत, लाकूडकाम आहे, ऑफिसं आणि प्रयोगशाळा आहेत. झाडू बांधायची कार्यशाळा १९२० पासून चालू आहे. ज्वारीच्याच जातीचं एक पीक असतं, त्याचा लांब तुरा भिजवून मऊ करायचा, दांड्याभोवती थर लावत दोरीने ताणून आवळायचा, मग चपटा दाबून दोऱ्याने शिवायचा. दोरी सैल राहिली तर झाडू महिन्यात सुटतो, त्यामुळे शिकणाऱ्याचा झाडू शिकवणारा हातात धरून ओढून बघतो. हे करणारी मुलगी दुपारी जीवशास्त्राच्या तासाला असते. कामाचं मूल्यमापन होतं, त्याची गुणपत्रिका निघते.

आपल्याला हे नवं नाही. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह. एकत्र राबायचं, एकत्र शिजवायचं, एकत्र जेवायचं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतचं ब्रीदवाक्य आपल्यापैकी कितीतरी जणांच्या तोंडपाठ आहे. मी स्वतः कमवा आणि शिका योजनेत शिकलो. सकाळी तास सुरू व्हायच्या आधी आवारातल्या झाडांना पाणी, नंतर ग्रंथालयातल्या कपाटांची झाडलोट. काम कधीच जड गेलं नाही. जड गेलं ते हे, की ज्यांच्या घरून पैसे येत ती मुलं सायकली लावत लावत आम्हाला "ए कमवा-शिका" म्हणून हाक मारायची. नावं त्यांना माहीत होती. मूळ कल्पनेत सगळ्यांनी राबायचं होतं. माझ्या कॉलेजपर्यंत येता येता ती गरिबांची योजना होऊन बसली होती, आणि गरीब कोण, हे पाण्याचा पाइप हातात कुणाच्या आहे यावरून गावाला कळत होतं. बेरियात प्राध्यापकाची चिठ्ठी आणून सुटका होत नाही, काम सगळ्यांना. म्हणून तिथे कुणाला तशी हाक मारता येत नाही. आपल्याकडची योजना सुधारायची असेल तर मानधन वाढवण्याच्याही आधी ती सर्वांना सक्तीची करा, हे माझं ठाम मत आहे. कुलगुरूंची मुलगी आणि शिपायाचा मुलगा एकाच वेळापत्रकात दिसू देत.

१९५० मध्ये केंटकीने डे लॉ सैल केला. महाविद्यालयांना हवं तर एकत्र शिकवता येईल, एवढीच सूट. बेरियाने त्याच वर्षी दार उघडलं, राज्यातल्या अगदी पहिल्या कॉलेजांमध्ये. पण ४६ वर्षांत डोंगरातले गोरे एवढीच कॉलेजची ओळख झाली होती आणि परत निम्मा-निम्मा पट काही झाला नाही, आजतागायत नाही. जे दहा वर्षांत घालवलं ते सत्तर वर्षांत पूर्ण भरून आलेलं नाही. बेल हुक्स, केंटकीच्याच लेखिका आणि विचारवंत, २००४ मध्ये इथे शिकवायला आल्या. देशातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत शिकवून झाल्यावर त्या या छोट्या गावात आल्या, कष्टकऱ्यांच्या मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये याच गावात त्यांचं निधन झालं. त्यांनी बेरियाच का निवडलं, हे जॉन फींच्या १८५९ च्या घटनेचा तो एक परिच्छेद वाचला की मला समजतं.

बेरियाची एक गोष्ट मात्र मी आपल्या सर्व संस्थाचालकांपुढे ठेवेन. ते कॉलेज हा काळ लपवत नाही. फ्रॉस्ट यांच्या काळात पट कसा बदलला, विश्वस्तांनी काय निवडलं, हे त्यांच्याच इतिहासात लिहिलेलं आहे. आपल्याकडे शतकमहोत्सवाची स्मरणिका निघते, तिच्यात संस्थापकांचा फोटो, मंत्र्यांचे शुभसंदेश, इमारतींची यादी. पटावर कोण होतं, कोणत्या साली कोण गळलं, वसतिगृहात कुणाला खोली नाकारली, यावर एक ओळ नाही. जुनी प्रवेश रजिस्टरं बहुतेक संस्थांत अजून आहेत, वाळवी लागायच्या आत ती उघडता येतील.

एका संस्थेच्या स्मरणिका समितीवर सध्या मी आहे. पुढच्या बैठकीत माझा प्रस्ताव असा आहे: पहिली सोळा पानं त्या रजिस्टरांना द्यायची. दशकवार पट, कोणत्या समाजाची किती मुलं, मुली कधीपासून, किती जणांनी मध्येच सोडलं. नावं नकोत, आकडे हवेत. शुभसंदेश शेवटी, जागा उरली तर.